दिफुंतेला दिलेलं पाणी

झुलेमा लेदेस्माला आमच्या उत्तरेतल्या सांतियागो देल एस्तेरो शहरात सगळे शिवणवाली झुलेमा म्हणत, कारण आमच्या भागातल्या निम्म्या मुलांचे शाळेचे पांढरे डगले तिच्या मशीनवर शिवलेले असत. ती फार बोलत नसे. बोलली तरी समोरच्याकडे न बघता हातातल्या कापडाकडे बघत बोले, आणि त्यामुळे माझी थोरली बहीण पेत्रोना तिला पहिल्या दिवसापासून आतल्या गाठीची समजत आली होती. पेत्रोना तिची सासू. मी मावससासू. माझा नवरा लवकर गेला, मूल झालं नाही, त्यामुळे बहिणीच्या घरातल्या भांडणांना मी हजर असे, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायला.

झुलेमाचा नवरा, म्हणजे पेत्रोनाचा एकुलता एक मुलगा आन्सेल्मो, दक्षिणेत रिंकोन दे लोस साउसेसला तेलविहिरींवर कामाला गेला होता. दोन वर्षांनी त्याला राहायला खोल्या मिळाल्या आणि त्याने निरोप धाडला, आता या. झुलेमाला तीन मुलं होती. नोएमी आठ वर्षांची, रुबेन पाचाचा, आणि एलियास अजून रांगत होता.

पेत्रोनाचं म्हणणं असं, की रुबेनला माझ्याजवळ ठेव. आमच्याकडे यात कोणाला वावगं वाटत नाही. दर दोन घरांआड एखादं नातवंड आजीपाशी वाढत असतं आणि आजीलाच आई म्हणत असतं. मी स्वतः आत्याकडे वाढले, नंतर नन्सच्या शाळेत वसतिगृहात. पण झुलेमा नाही म्हणाली. आन्सेल्मोला आईलाही दुखवायचं नव्हतं आणि बायकोलाही. त्याने टेलिफोनवर तोड काढली. "आई, तू सोबत ये. वाटेत बघ. तिला तिघं झेपत नाहीत असं तुला वाटलं, तर रुबेनला बसने परत घेऊन जा."

झुलेमाला हे आमच्याकडून कळलं. तिने मशीन थांबवलं नाही. शिवण पूर्ण केली, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "बरं. मावशींनाही घेऊ या. कोणीतरी तटस्थ हवं."

गाडी तिच्या भावाची होती, जुनी, लांबट, मागे सामानाला जागा असलेली. चालवायलाही त्यानेच शिकवलं होतं. आमच्याकडे जानेवारीत भर उन्हाळा असतो. पहाटे निघालो तेव्हा तिची तयारी बघून मला कौतुक वाटलं. पाण्याच्या बाटल्यांना तिने जुन्या डगल्यांच्या कापडाची खोळ शिवली होती. खोळ ओली केली की वाऱ्याने पाणी गार राहायचं. एलियाससाठी उकळलेल्या पाण्याची वेगळी बाटली, कारण तिचं दूध आटलं होतं आणि तो भुकटीच्या दुधावर होता. गाडीसाठी एक मोठा डबा, कारण इंजिन तापायचं आणि अधूनमधून त्याला पाणी पाजावं लागायचं. उकडलेली अंडी, पावात घातलेले मांसाचे तळलेले काप, आणि उलटीसाठी रिकामे डबे.

पहिल्या दिवशी मिठागरांतून जाताना नोएमीने विचारलं, "अजून किती लांब?"

"पुढचं झाड येईपर्यंत गप्प बसायचं, मग सांगते."

बराच वेळ शांततेत गेला. मग नोएमी म्हणाली, "आई, इथे झाडंच नाहीत."

"नाहीत ना? मलाही आत्ताच कळलं."

पेत्रोनासुद्धा हसली असती, पण तिने माते, म्हणजे आमचा कडवट पानांचा चहा, पिण्याचं निमित्त करून तोंड खिडकीकडे वळवलं. ती पुढे बसली होती, मांडीवर गरम पाण्याचा थर्मास, हातात माते प्यायचा पोखरलेला भोपळा. चार घोट झाले की भोपळा मला मागे द्यायची आणि त्याबरोबर एखादं मतही. "पोराला उलटी होतेय अमालिया, आणि ही गाडी हाकतेय."

"थांबले तर उलटी थांबेल का, सासूबाई?"

"माझ्या पोराला मी असं कधी फरफटवलं नाही."

"तो आता स्वतःच्या पायांनी दीड हजार किलोमीटर लांब गेला. मी नाही पाठवला."

मुलं वागायची तशीच वागली. खिडकीची जागा प्रत्येक गाव आलं की बदलायची असा झुलेमाचा नियम होता, म्हणून रुबेन दोन घरं दिसली तरी "गाव! गाव!" ओरडायचा. नोएमी त्याला चिमटे काढायची. एलियासने माझ्या केसांची पिन गिळायचा प्रयत्न केला. रीयो क्वार्तोच्या अलीकडे दोघं मोठी एकाच वेळी रडत असताना झुलेमाने गाडी बाजूला घेतली, खाली उतरली, रस्त्याकडेच्या तारेला धरून पाठमोरी उभी राहिली. मग परत येऊन बसली. "कोणाला अंडं हवंय?" पेत्रोनाने माझ्याकडे असं बघितलं, जणू साक्षीदाराने हे टिपून घ्यावं.

तिसऱ्या दिवशी आम्ही पाम्पाच्या ओसाड भागात शिरलो. शेवटच्या पंपावर पेट्रोल भरलं, सगळ्या बाटल्या आणि डबा काठोकाठ भरला. पुढे वेंतिसिंको दे मायो गावापर्यंत सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना खुरटी झुडपं, आणि माणूस नाही. तासाभराने रस्त्याकडेला दिफुंता कोर्रेआची, म्हणजे मृत कोर्रेआबाईची, छोटी देवळी दिसली. विटांची, गुडघ्याएवढी, आणि भोवती पाण्याने भरलेल्या बाटल्यांची रास. आमच्या शाळेतल्या नन्स हिचं नाव घेऊ देत नसत. चर्चने तिला संत मानलेलं नाही. पण पेत्रोना कोणतीही देवळी ओलांडून पुढे जात नसे. आन्सेल्मोला नोकरी लागली तेव्हा ती दिफुंतेला नवस बोललीही होती. एक बाटली पाणी वाहायचं ठरलंच होतं.

झुलेमा गाडीच्या सावलीत एलियासचा लंगोट बदलत होती. मी पाय मोकळे करायला थोडी पुढे गेले. पेत्रोना मुलांना घेऊन देवळीशी बसली आणि गोष्ट सांगू लागली. तिचा आवाज मला ऐकू येत होता.

"हिच्या नवऱ्याला सैनिकांनी ओढून नेलं. ही तान्ह्या बाळाला घेऊन वाळवंटातून त्याच्या मागे निघाली. पाणी संपलं. तहानेने गेली बिचारी. पण खेचरवाले आले तेव्हा बाळ तिच्या छातीशी दूध पीत होतं. मेल्यावरही दूध आटलं नव्हतं." 'आटलं नव्हतं' हे शब्द ती जरा मोठ्याने, गाडीच्या दिशेने म्हणाली.

"अजून तहान लागलीय का तिला?" रुबेनने विचारलं.

"म्हणून तर लोक पाणी देतात. तिला देताना हात आखडता घ्यायचा नाही. जा, आणा." आणि ती डोळे मिटून प्रार्थनेला बसली. तिच्या प्रार्थना लांब असतात.

आम्ही पुन्हा निघालो. बरंच अंतर गेल्यावर एलियास दुधासाठी रडू लागला. झुलेमा म्हणाली, "मावशी, जरा त्याची बाटली काढता?" मी पायांशी बघितलं. सीटखाली बघितलं. मागे सामानात हात घातला. एकही बाटली नव्हती. गाडीचा डबाही नव्हता.

"नोएमी," झुलेमा शांतपणे म्हणाली, "पाणी कुठाय?"

"दिफुंतेला दिलं."

"सगळं?"

"आजी म्हणाली हात आखडायचा नाही. डबा जड होता, आम्ही दोघांनी मिळून उचलला." तिच्या आवाजात शाबासकीची अपेक्षा होती.

झुलेमाने गाडी थांबवली. इंजिनाचा काटा वर चढू लागला होता. थर्मासमधलं पाणी मातेत कधीच संपलं होतं. तिने पुढच्या रस्त्याकडे बघितलं, मागच्या रस्त्याकडे बघितलं आणि चाक वळवलं.

"कुठे निघालीस?" पेत्रोनाने विचारलं.

"परत. पाणी आणायला."

"वाहिलेलं पाणी परत घेणार? अगं, डोकं फिरलं का तुझं? तिच्या तोंडचं पाणी काढलेल्याच्या पोराला काय होतं ते मी बघितलंय."

"आणि न घेता पुढे गेले तर माझ्या पोराला काय होईल ते मला इथून दिसतंय."

"पुढे जा. ती सांभाळेल. ज्यांनी तिला दिलं त्यांना तिने कधी उपाशी ठेवलं नाही."

"सासूबाई, ती स्वतः तहानेने गेली."

गाडी मागे निघाली. पेत्रोना वाटेत एकदा मान न वळवता म्हणाली, "अमालिया, तू बघतेयस. हे असं. अशा हाती मी रुबेनला सोडायचं." झुलेमाने ते ऐकलं. तिच्या मानेवरचा घाम मला मागून दिसत होता.

देवळीशी पोचलो तेव्हा पेत्रोना गाडीतून उतरली नाही. मुलांनी आमच्या बाटल्या, खोळींसकट, आणि डबा देवळीमागे राशीच्या आड रांगेत मांडला होता. झुलेमा त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. रडगाणं नव्हतं, ती शेजारणीशी बोलावं तशी बोलत होती. "बाई, मी चोरी करत नाही, सांगून नेतेय. तुझ्या वेळी अशी एखादी रास वाटेत असती तर तूही नेलं असतंस. एक बाटली ठेवते, ती माझी. मुलांवर रागावू नकोस, त्यांनी मनापासून दिलंय." मग तिने डबा उचलून इंजिनाला पाणी पाजलं, एलियासचं दूध कालवलं आणि दोघा मोठ्या मुलांना प्यायला दिलं. दूध थोडं सांडलं.

पुढचा सगळा रस्ता पेत्रोनाने पाण्याला हात लावला नाही. ओठ कोरडे पडले, चेहरा लाल झाला. झुलेमाने एकदा बाटली पुढे केली, मी दोनदा. शेवटी रुबेन पाण्याचा पेला घेऊन दोन सीटांमधून पुढे वाकला.

"आजी, तू पाणी का पीत नाहीस?"

"मला नको."

"तुलाही मरायचंय का? मग आम्ही तुझ्यासाठी पण देवळी बांधू. पण मग लोक तुला पाणी देतील, आणि तेव्हा तू पिशील?"

नोएमी फिस्सकन हसली. पेत्रोनाने कपाळावर क्रूस काढला, पेला त्याच्या हातातून घेतला आणि एका दमात रिकामा केला. मग पुन्हा पुढे केला. "भर."

वेंतिसिंको दे मायोला नदीच्या कालव्याकाठी पॉपलरची झाडं आहेत. तिथे दुपारी आम्ही सावलीत चादर पसरली. मुलं कालव्यात पाय सोडून बसली होती. झुलेमा बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "सासूबाई, रुबेनला तुम्ही घेऊन जा."

मी चमकले. तीन दिवस जी बाई एका शब्दाने वाकली नव्हती, ती ही.

"माझी पाठ वळली आणि पाणी गेलं. मला कळलंही नाही. निघण्याआधी मोजून बघायला हवं होतं. आज पाणी होतं, उद्या त्या विहिरींपाशी दुसरं काही असेल. तुम्हाला वाटतं ते खरं असेल. मला तिघं झेपत नाहीत." आणि ती मुलांकडे बघत राहिली, कारण आता हातात कापड नव्हतं.

पेत्रोना जोडे काढत होती. एक काढला, दुसरा काढला, दोन्ही नीट जवळ ठेवले. याच उत्तरासाठी तर ती इतक्या लांब आली होती. मला वाटलं, आता ती विजयी मुद्रेने माझ्याकडे बघणार. तिने बघितलं नाही.

"पाणी द्यायला मी सांगितलं," ती म्हणाली. "डोळे मिटून मी बसले. आणि माझ्या हातात असतं तर मी तुला वळू दिलं नसतं. पोरं कोरड्या घशाने रडली असती आणि मी मणी ओढत बसले असते." जोड्यांतली रेती झटकून ती पुन्हा म्हणाली, "मला दिफुंतेची भीती वाटते गं. लहानपणापासून. तुला वाटली नाही का?"

"वाटली."

"तरी गेलीस."

"हो."

"मग झेपतं की नाही हे मला कशाला विचारतेस? बस खाली. तुझे पाय सुजलेत."

झुलेमा बसली. पेत्रोनाने अंडं सोलून तिच्या हातात दिलं. त्या दोघींना एकमेकींना काही भरवताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. एकदम गोडी झाली असंही नाही. त्याच संध्याकाळी मीठ जास्त पडल्यावरून पुन्हा वाजलं.

रिंकोनला आन्सेल्मो दारातच उभा होता. मुलं त्याच्या अंगावर चढली. तो आईकडे बघून हळूच म्हणाला, "मग?"

"मग काय? खोलीला पडदे नाहीत. बायकोला मशीन घेऊन दे," पेत्रोना म्हणाली आणि आत गेली.

झुलेमा त्या वाऱ्याच्या गावात तीस वर्षं राहिली. तेलविहिरींवरच्या माणसांचे कामाचे कपडे शिवले. तिघंही तिच्याजवळ वाढली, तिघंही कधी ना कधी तिच्याशी भांडून घर सोडून गेली आणि परतही आली. ती गेली तेव्हा तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नव्हतं, असं लोक म्हणाले. मला तसं वाटत नाही. भीती वाटत असताना जे करायचं ते करणारी माणसं मी आयुष्यात मोजकीच पाहिली, आणि त्यांतल्या बहुतेकांनी नंतर आपलंच चुकलं असावं असं मानलं.

आम्ही दोघी बहिणी आठवड्याने बसने परत निघालो, तेव्हा सगळे पोचवायला आले होते. रुबेनला बस आवडली. तो आमच्या मागून वर चढला आणि खिडकीची जागा पटकावून बसला. "मी पण येतो. गाव आलं की जागा बदलायची." झुलेमा खाली फलाटावर उभी होती, एलियासला कडेवर घेऊन. तिने त्याला हाक मारली नाही. पेत्रोनाने नातवाला दोन्ही काखांतून उचललं. क्षणभर मला वाटलं, ती त्याला मांडीवर घेणार.

"ही जागा माझ्या बहिणीची आहे," ती म्हणाली. "उतर. तुझी आई उन्हात उभी आहे."