हळू मोजलेले दहा

यांच्या मानेचं ऑपरेशन झालं तेव्हा आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. आधी हातातून पेन निसटायला लागलं, मग आमच्या नारायण पेठेतल्या सरळ गल्लीतही पाय अडखळायला लागले. मानेत मज्जारज्जू दबला आहे, असं डॉक्टर म्हणाले. प्लेट बसवली. सहा आठवडे गळ्यात पट्टा होता आणि तो निघाल्यावर व्यायाम सुरू झाले.

हे शाळेत मराठी शिकवायचे. मी यवतमाळकडची. लग्न होऊन आले तेव्हा ‘मी चहा करून राहिली’ असं सहज बोलून जायचे. हे पाहुण्यांसमोर मला थांबवायचे. चहात राहायला गेली आहेस का, असं विचारायचे. पाहुणे हसायचे आणि मला तेच वाक्य शुद्ध करून पुन्हा म्हणावं लागायचं. एकदा माझे वडील आले होते. जेवताना यांनी त्यांचीही दोन वाक्यं दुरुस्त केली. वडिलांनी मान खाली घालून भात संपवला आणि त्यानंतर ते कधी आमच्याकडे मुक्कामाला आले नाहीत. मी माझी बोली सोडली ती तेव्हापासून.

व्यायाम शिकवायला घरी एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. कपाळावर तळहात ठेवायचा, डोक्याने हात ढकलायचा, हाताने डोकं अडवायचं. मान जागची हलता कामा नये आणि दहा आकडे होईपर्यंत तसंच धरून ठेवायचं. मग उजवीकडून, डावीकडून, मागून. बोटांसाठी एका वाटीतले राजमे एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे. सकाळी ती करून घ्यायची, संध्याकाळी मी आकडे मोजायचे, असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “काका, तुम्ही खांदा वर उचलून राहिले.”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ती अमरावतीची आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी यांच्या तोंडाकडे बघत थांबले. हे हसले आणि “हो का? घेतो खाली,” म्हणाले.

ती गेल्यावर मी विचारलं, तिला दुरुस्त का नाही केलं?

“ती कामात हुशार आहे,” हे म्हणाले. “भाषेचं काय एवढं?”

त्या संध्याकाळी मी हळू मोजायला लागले. एक म्हटलं आणि खिडकीतून खाली बघितलं. कोणीतरी स्कूटर लावत होतं. ती स्टँडवर चढेपर्यंत थांबले, मग दोन म्हटलं. सहापाशी यांचा हात थरथरायला लागला. सात म्हटल्यावर आठ मी बराच वेळ तोंडातच ठेवलं. आधीपासून काही ठरवलं होतं असं नाही. पण ती थरथर बघितली आणि मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ठरवून तसंच केलं. दुखलं तर लगेच थांबवा, असं त्या मुलीने बजावलं होतं. हे दुखतंय म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

राजमा खाली पडला की मी भरत आलेली वाटी पहिल्या वाटीत ओतायचे. “पुन्हा पहिल्यापासून,” म्हणायचे. यांचे शाळेतले एक मित्र भेटायला आले, तेव्हा मी मुद्दाम व्यायामाची वेळ झाली म्हणून सांगितलं. त्यांच्यासमोर यांना तीनदा हात खाली घ्यायला लावला, तीनदा वर. नीट नाही, पुन्हा. मित्र कपातल्या चहाकडे बघत बसले आणि अर्धा कप तसाच ठेवून गेले. यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी कप विसळायला गेले.

तीन महिन्यांनी त्या मुलीने हातांची ताकद तपासली, फरशीच्या रेषेवरून चालायला लावलं आणि ती खूश झाली. “काकू, हे सगळं तुमच्यामुळे,” म्हणाली. यांनीही मान हलवली. ती जिना उतरून गेल्यावर यांनी दार लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुझे दहा म्हणजे माझे अठरा व्हायचे. मी मनात मोजत होतो.”

“मग बोलला का नाहीत?”

“कुणाला सांगणार? पाणीसुद्धा तूच पाजत होतीस.”

मला लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली, आणि अजून वाटते. पण त्या क्षणी मी एवढंच म्हणाले, “मग एकतीस वर्षं मी का बोलले नाही, ते कळलं असेल आता.”

दुसऱ्या दिवसापासून हे मोबाईलवर वेळ लावून दार बंद करून एकटेच व्यायाम करायला लागले.

आता मी घरात हवी तशी बोलते. ‘येऊन राहिली’, ‘करून राहिली’, सगळं. मला कोणी अडवत नाही. हे हो म्हणतात किंवा नाही म्हणतात, तिसरा शब्द नसतो. हात बराच सुधारला आहे, सहीसुद्धा जमते. शर्टाचं वरचं बटण मात्र अजून लागत नाही. बाहेर जाताना हे आरशासमोर बराच वेळ खटपट करतात आणि मग ते उघडं ठेवूनच निघून जातात. मी चार पावलांवर असते. मला सांगत नाहीत.