दुसऱ्या बाप्तिस्म्याचा ठराव

रत्नाकर सोनोने रायपूरला रेल्वेच्या कचेरीत बडेबाबू होते. चौतीस वर्षं त्यांनी साहेबांच्या सहीसाठी पत्रं लिहिली. अचलपूरकडचं हे ख्रिस्ती घराणं आजोबांपासून अँग्लिकन होतं. निवृत्तीनंतर ते रायपूरलाच राहिले आणि आपल्या मंडळीच्या पंचांचे चिटणीस झाले. माणूस सरळ होता, पण कागदावर आलेलं तेवढंच खरं मानणारा.

पत्नी पद्मिनीबाई मूळच्या नागपूरच्या रोमन कॅथलिक घरातल्या. लग्नानंतर त्यांनी नवऱ्याचं चर्च धरलं. तीस वर्षं दोघं शेजारी गुडघे टेकून प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेत आली. त्यांना मूलबाळ नव्हतं. संसारात दोघांनी मिळून न चुकता केलेली गोष्ट ती एवढीच, असं पद्मिनीबाई हसून म्हणत.

मग राज्य नवीन झालं, रायपूरला राजधानी आली, आणि भनपुरीकडे ट्रकांच्या अड्ड्यांमागे पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थनासभा भरू लागल्या. तिथे टाळ्या वाजत, लोक मोकळेपणी रडत, आजाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवले जात. जुन्या मंडळीतली पाच घरं तिकडे गेली आणि खारून नदीत बुडी घेऊन त्यांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. पंच चिडले. ठराव लिहायचं काम रत्नाकररावांकडे आलं. बाप्तिस्मा एकच, तो तान्हेपणी दिलेला असला तरी पुरा असतो, दुसरा घेणं म्हणजे पहिला खोटा ठरवणं, हे त्यांना मनापासून पटत होतं. त्यांनी लिहिलं की असं करणाऱ्याला प्रभुभोजन बंद. परत यायचं तर ती चूक होती असं त्यानं लेखी द्यावं, पाळकांनी ते पत्र त्याच्यासमोर वाचावं आणि त्यानं तोंडानं होय म्हणावं. हे शेवटचं कलम त्यांनी स्वतःहून घातलं होतं. घरचे लोक आजाऱ्याच्या नावानं काय काय लिहून आणतात, हे त्यांनी कचेरीत पुष्कळ पाहिलं होतं.

दोन वर्षांनी पद्मिनीबाईंच्या पोटात कॅन्सर निघाला. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत. धर्मपाल मात्र रोज यायचा. उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये पाळी करणारा, भनपुरीच्या सभेत प्रार्थना चालवणारा हा ब्रदर अंगावरच्या लोखंडी धुळीसकट जमिनीवर बसून प्रार्थना करायचा आणि जाताना पिण्याचं पाणी भरून ठेवायचा. पेन्शनच्या कामासाठी रत्नाकरराव बिलासपूरला गेले होते, त्या दिवशी पद्मिनीबाई त्याच्या सभेच्या बायांबरोबर नदीवर गेल्या. नवरा परतला तेव्हा त्यांचे केस ओलेच होते. त्यांनी काही लपवलं नाही. रत्नाकररावांनीही मंडळीच्या रजिस्टरातलं त्यांचं नाव स्वतःच्या हातानं कापलं.

सहा महिन्यांनी पद्मिनीबाईंना उठवेनासं झालं. एका सकाळी त्या म्हणाल्या, "पाळकाले घरी बोलवा. मले प्रभुभोजन पाहिजे."

"तुझा धर्मपाल देईल की."

"त्याचं घेतलं. मले तुमच्यासंग घ्यायचं आहे."

ठरावातल्या पत्राचं त्यांना ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "त्या पाण्यात मले बरं वाटलं. ते चूक होतं असं काहून लिहू?"

डॉक्टरांनी आठवडाभराची मुदत सांगितली होती. रत्नाकरराव पाळकांकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे हात जोडून उभे राहिले. पाळक तरुण होते, त्यांनाही वाईट वाटलं. पण ठराव तुमचाच आहे, तुमच्या घरासाठी मोडला तर बाकीच्या पाच घरांना काय सांगू, असं त्यांनी विचारलं.

तिथून ते रोमन फादरकडे गेले. फादरनी बसवून चहा दिला. बाईंचा पहिला बाप्तिस्मा आमच्याकडचा, त्यांनी स्वतः बोलावलं तर आजाऱ्याला लावायचं तेल आणि प्रसाद घेऊन आत्ता येतो, म्हणाले. फक्त तो त्यांनाच देता येईल, तुम्हाला नाही. भनपुरीत धर्मपालनं उलटंच सांगितलं. "काका, मी दोघांलेही देतो. पण लहानपणचा तो शिंतोडा आम्ही मानत नाही. तुम्ही पहिले पाण्यात उतरा." हे तो चिडवत नव्हता. त्याला रडू येत होतं.

शुक्रवारी दुपारी रत्नाकररावांनी टेबलाशी बसून पत्नीच्या नावानं ती बुडी चूक होती अशा चार ओळी लिहिल्या, खाली तिची सही केली आणि पत्र पाळकांकडे दिलं.

शनिवारी पाळक चांदीची लहान डबी आणि पिशवीत प्याला घेऊन आले. चर्चमध्ये आशीर्वाद दिलेले भाकरीचे दोन तुकडे डबीत होते. रत्नाकरराव खाटेशेजारी गुडघे टेकून खाली पाहत राहिले. पाळकांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "बाई, फक्त होय म्हणा."

पद्मिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"अक्षर चांगलं आहे यांचं," त्या म्हणाल्या. "पण हे माझं नाही."

पाळकांनी कागदाची घडी केली. काय करावं ते त्यांना सुचेना. सवयीनं त्यांनी एक तुकडा रत्नाकररावांच्या तळहातावर ठेवला आणि प्याला काढायला वळले. रत्नाकररावांनी हात तसाच पत्नीच्या ओठांशी नेला.

"घे. ते तिकडं पाहून राहिले."

"तीस वर्षं सगळ्यांसमोर घेतलं," त्या म्हणाल्या. "आता चोरून काहून घेऊ? तुम्ही खा."

पद्मिनीबाईंनी डोळे मिटले. पाळक प्याला धरून थांबले होते. मग त्यांनी तो पुसून पिशवीत ठेवला आणि ते गेले. रत्नाकरराव तसेच बसून होते. आशीर्वाद दिलेली भाकर टाकता येत नाही, ती खायचीच असते, हे मंडळीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण हात तोंडाकडे जाईना. मूठ उघडली तेव्हा आत नुसता चुरा होता, आणि पद्मिनीबाईंना झोप लागली होती.

मंगळवारी त्या गेल्या. झोपेतून त्या नीट जाग्या अशा पुन्हा झाल्याच नाहीत.