राजेश्रीची सहावी चिठ्ठी

राजेश्रीनं पीएचडीला क्रिप्टो चलनाचं अर्थशास्त्र घेतलं आणि पूर्णेत तिच्याशी कुणी धड बोलेना. म्हणजे बोलायचे, पण एकच: "कोणतं कॉइन घेऊ, सांग की." ती म्हणायची, मला ते माहीत नाही, मी वेगळंच शिकायलेय. मग समोरचा हसायचा. लय आतल्या गाठीची पोरगी, माहीत असून सांगत नाही, असं गावानं ठरवूनच टाकलं.

गाईड सर भला माणूस, पण त्यांचा सगळा जन्म सहकारी बँकांवर लिहिण्यात गेला होता. हिनं प्रकरण नेऊन द्यावं, तर वरवर चाळून म्हणायचे, "छान. संदर्भ वाढवा." आई गेल्यापासून घरात ती आणि तिचे वडील अप्पाराव, दोघंच. अप्पा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. ते तिच्या टेबलावर चहा ठेवायचे आणि पाय न वाजवता परत जायचे. पोरगी अभ्यास करायलीय, मधे बोलू नये, एवढंच त्यांना कळायचं. अशी वर्षं गेली. फार एकटं वाटलं की ती आपलं म्हणणं भिंतीला सांगायची.

त्यातून पाचव्या प्रकरणात तिचं घोडं अडलेलं. या चलनाला बँक नाही, सरकार नाही. जगभरातले अनोळखी लोक आपापले कॉम्प्युटर लावून त्याच्या व्यवहारांची राखण करतात आणि बदल्यात त्यांना नवी नाणी मिळतात. पण हा मोबदला दर काही वर्षांनी निम्मा होत जातो. तो संपला, की राखण कोण करणार? लोक व्यवहारामागं थोडं शुल्क देतात, त्यावर भागेल, असं तिनं लिहिलं होतं. ते तिचं तिलाच पटत नव्हतं. कुणीतरी हे पकडावं, भांडावं, बाई तू चुकलीस म्हणावं, यासाठी तिचा जीव तुटत होता.

ओपन व्हायव्हा, म्हणजे सगळ्यांसमोरची तोंडी परीक्षा, परभणीला ठरली. सरांनी बोलावून सांगितलं, "प्रश्नांच्या चिठ्ठ्या करून आणा, पोरांना वाटू. नाहीतर कुणी तोंड उघडत नाही, बाहेरच्या परीक्षकांसमोर बरं दिसत नाही. सोपे पाच पुरे." तिथली रीतच ती. प्रश्नही आपणच लिहायचे आणि उत्तरंही आपणच द्यायची, घ्या! तिनं पाच लिहिले. मग सहावी चिठ्ठी लिहिली, पाचव्या प्रकरणावरची. सरांनी ती काढूनच टाकली असती, म्हणून जाताना गाडीत तिनं ती अप्पांना दिली.

"सगळ्यांचं झालं की उठून एवढं वाचा, अप्पा."

हा प्रश्न आपणच लिहिलाय, हे सांगायची तिला लाज वाटली. अप्पांनी चष्मा पुसून चिठ्ठी वाचली आणि खिशात ठेवली.

हॉलमध्ये पोरं एकेक करून उठली, वाचलं आणि बसली. तिनं पाठ केलेली उत्तरं दिली. परीक्षकांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी विचारलं, "अजून कुणाला काही?" राजेश्रीनं मागच्या रांगेकडं पाहिलं. अप्पा इस्त्रीच्या सदऱ्यात ताठ बसले होते, हात खिशावर. आता उठतील, आता उठतील, म्हणून ती थांबली. ते तिच्याकडं बघून नुसते हसले. टाळ्या झाल्या, शाल आली, नारळ आला आणि लोक जेवणाकडं वळले.

परतीच्या गाडीत अप्पा शाल मांडीवर घेऊन बसले आणि कितीदा तरी "डॉक्टर राजेश्री" म्हणाले. मिरखेल स्टेशन मागं पडल्यावर तिनं विचारलं, "चिठ्ठी वाचली न्हाई तुमी?"

अप्पा जवळ सरकले, हळूच म्हणाले, "सकाळपासून तेच वाचायलोय. मला कळलं न्हाई, पण लय अवघड वाटलं बघ. बाकीच्यांचं सगळं सोपं, अन् हेच असं. तुला आलं नसतं तर? एवढ्या लोकांत माझ्या तोंडानं तुझी फजिती कशाला करू? म्हणून उठलोच न्हाई."

त्यांनी बारीक घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि कुणी बघत नाही असं पाहून तिच्या मुठीत दिली. राजेश्रीला रडू फुटलं. त्यांना ते आनंदाचं वाटलं, आणि तिनं तसंच वाटू दिलं.

"बरं केलंत, अप्पा," ती म्हणाली. अप्पांनी शाल उलगडून तिच्या खांद्यावर घातली आणि पूर्णा येईपर्यंत ती सारखी करत राहिले.