राहुरीच्या अलीकडचे वळण

लढाईच्या दिवसांत नगर-मनमाड रस्त्यावर मी बांधकाम खात्याचा ओव्हरसिअर होतो. आमचे घराणे ख्रिस्ती, वडील मिशनच्या शाळेत शिक्षक. प्रार्थनेची सवय लहानपणापासूनची. पण त्या वर्षी चर्चमध्ये गुडघे टेकले तरी मन लागेना. कारण मला ठाऊक होते आणि मी ते पत्नीलाही सांगितले नव्हते.

राहुरीच्या अलीकडे एका वळणावर संध्याकाळच्या वेळी प्रवाशांची मोटार ओढ्यात उलटली होती. एक शाळामास्तर दगावले. चौकशीसाठी मी रस्ता मोजला, खडी पाहिली, उतार पाहिला आणि लिहून दिले, रस्ता निर्दोष, चूक ड्रायव्हरची. शंकर ड्रायव्हर परोपरीने सांगत होता की वळण दिसलेच नाही. दारू घेतली होतीस का, असे मी त्याला चारचौघांत विचारले. तो माळकरी होता. त्याने गळ्यातल्या माळेला हात लावला. त्याचे लायसन गेले.

दोन महिन्यांनी त्याच जागी फौजेची लॉरी ओढ्यात गेली. तिचा पंजाबी ड्रायव्हर हात मोडून वाचला, आणि रस्ता सरळच होता असे तोही सांगू लागला. शंकरही हेच म्हणाला होता.

मी पुन्हा मोजणीला गेलो. दोन दिवस साखळी टाकली, हाती काही लागले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी साखळी खाली ठेवून एका दगडावर बसलो आणि मनात म्हणालो, प्रभू, मला दिसत नाही, तू दाखव. त्याआधी मी देवाकडे पुष्कळ मागितले होते, पण मला कळत नाही असे कधी म्हटले नव्हते.

थोड्या वेळाने एक धनगर म्हातारी आली. तिची शेळी चुकली होती, ती मी पाहिली का, असे विचारू लागली. मग साखळीकडे बघून म्हणाली, "खाली वाकून काय गावनार न्हाई, सायेब. म्होरं बघा. झाडं सरळ जात्यात अन् सडक वळती. मोटारवाला झाडांमागं जातुया."

मी मान वर केली. पूर्वी गाडीवाट सरळ जात असे. सडक बांधताना ती ओढ्यापाशी वळवली, पण जुन्या वाटेची लिंबाची झाडे तशीच राहिली होती. भर उन्हात सडक स्पष्ट दिसे, म्हणून ते लक्षात येत नव्हते. म्हातारी शेळीला हाका मारीत निघून गेली. एरवी तिच्या शेळ्या टेकडीपलीकडे असत, हे मला मागाहून कळले.

त्याच दिवशी मी शंकरच्या घरी गेलो, त्याची क्षमा मागितली आणि माझ्याबरोबर चल म्हणालो. तो निघाला. दिवस मावळताना खात्याच्या लॉरीत आम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. वळण जवळ आले तेव्हा तो हळूच म्हणाला, "आता बघा, साहेब." समोर झाडांच्या दोन काळ्या रांगा, मध्ये उजळ आभाळ, आणि रस्ता जणू त्यातूनच चाललेला. मला वळण दिसले नाही. लॉरी थांबवायला मीच ओरडलो.

रात्री जेवणाआधी पत्नीला सगळे सांगितले. नोकरी जाईल, असेही म्हणालो. ती म्हणाली, "जाऊ दे. आधी लिहा." माझा आधीचा अहवाल चुकीचा होता, या वाक्याने मी सुरुवात केली.

मोठ्या साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि वळण सुधारण्याचे काम मंजूर केले. जुन्या वाटेच्या तोंडाशी दगडी कठडा बांधला, वळणावरच्या दगडांना चुना दिला, झाडांमधले आभाळ झाकायला कठड्यामागे दाट करंज लावले. शंकरचे लायसन परत मिळाले. माझी नोकरी राहिली, फक्त बढती लांबली.

पुढच्या हिवाळ्यात मी शंकरच्या मोटारीतून राहुरीला निघालो होतो. तिन्हीसांजेला वळण आले. त्याने वेग कमी केला, पांढऱ्या दगडांच्या कडेने मोटार अलगद वळवली. मागे दोन बाया कांद्याच्या रोपांविषयी बोलत होत्या, एका बाईच्या मांडीवर मूल झोपले होते. कोणालाच काही कळले नाही. मी खिडकीकडे तोंड फिरवून डोळे पुसले.

ती म्हातारी देवाने धाडली की शेळीने आणली, हे मी कोणाशी वाद घालून सांगणार नाही. मी हरलो असे कबूल केले आणि मदत चालत आली, एवढे मात्र खरे. तेव्हापासून कुठलाही रस्ता तपासताना मोजणी झाली की मी कडेच्या माणसांजवळ जाऊन बसतो आणि त्यांना काय दिसते ते विचारतो. माझी प्रार्थना आता बहुतेक तिथेच होते.