रुखवतातली खोली

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या वरच्या खोलीतल्या मुली गावाला जातात आणि मला माझं घर परत मिळतं. जिन्यात चपलांचा ढीग नसतो, नळाखाली शांपूच्या फाटक्या पुड्या नसतात, पाण्याची मोटार चालू ठेवून कुणी विसरत नाही. सिडकोतलं हे रो-हाऊस घेतलं तेव्हा वरची खोली अमेयसाठी, म्हणजे माझ्या मुलासाठी काढली होती. तो बंगळुरूला गेला, यांच्यामागं मी एकटी राहिले, आणि खोली मुलींना भाड्यानं दिली. शाळेत गणित शिकवण्यात माझा जन्म गेला. नियम करायचे आणि दुसऱ्यांकडून पाळून घ्यायचे, याची मला सवय आहे. मुली पाठीमागं मला हेडबाई म्हणतात, हेही मला ठाऊक आहे.

यंदा सायली गावाला गेली नाही.

सायली पिशोरची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. बुटकी, सावळी, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं न बघता खांद्याकडं बघणारी. वसुबारसेला ती दुधाची पिशवी घ्यायला खाली आली, तेव्हा मी विचारलं, "काय गं, बॅग भरली की नाही अजून?"

"कुठं जाऊ काकू? पिशोरच्या घराला कुलूप हाय."

मला कशाचाच पत्ता नव्हता. तिचा भाऊ विश्वजीत चाकणला कंपनीत लागला, त्याला मूल झालं, आणि बाळाला सांभाळायला म्हणून तिचे आई-वडील तिकडं गेले ते गेलेच. जमीन बटाईनं दिलेली. चाकणला एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात पाच माणसं, आणि दिवाळीला वहिनीचे आई-वडील यायचे होते. हे मला तिनं सांगितलं नाही. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती, फोन कठड्यावर ठेवून स्पीकरवर बोलत होती, आणि मी पापड बघायला वर गेले होते. तिची आई म्हणत होती, "ये म्हणलं असतं माय, पण झोपायला जागाच नाय बघ. पाव्हणे जाऊ दे, मग बघू."

आईनं 'येऊ नको' म्हटलं नव्हतं. 'जागा नाही' म्हटलं होतं. सायलीनं "व्हय, व्हय, मला बी इथं काम हाय" असं म्हणून फोन ठेवला आणि ओढणी पिळत राहिली. ती आधीच पिळून झालेली होती.

काम तिला होतं, ते खोटं नव्हतं. दिवाळीच्या गर्दीपुरती ती गुलमंडीवरच्या एका साड्यांच्या दुकानात लागली होती. बायकांनी बघून टाकलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या. सबंध दिवस समोर कुणाची तरी आई, कुणाची तरी मुलगी, रंगावरून भांडणारी कुणाची तरी सासू, आणि ही घड्या घालते आहे. संध्याकाळी यायची तेव्हा मी मुद्दाम दारात असायचे. जिन्याचा दिवा लावायला जाते असं दाखवायचे. तिला काय बोलावं हे मला सुचायचं नाही, म्हणून मी मोटारीबद्दल बोलायचे.

खरं काम घरी आल्यावर सुरू व्हायचं. श्रेयाचं रुखवत.

श्रेया ही तिची खोलीतली जोडीदारीण, पाचोडची. सायली जेवढी गप्प, तेवढी ही बडबडी. हसायला लागली की खाली माझ्या देवघरात ऐकू यायचं. मी ओरडायचे, तरी हसायची. श्रावणात तिचा साखरपुडा झाला, मुलगा ऋतुराज, जालन्याला नोकरीला. लग्न तुळशीचं लग्न लागल्यावर लगेच, कॉलेज उघडायच्या आत. पुढची परीक्षा सासरहून देईन म्हणत होती. जाताना सायलीचा हात धरून म्हणाली, "रुखवत तू करायचंस, अन् पाठराखीण म्हणून पण तूच यायचंस. आईला मी सांगते."

नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा माहेरचं एक माणूस सोबत जातं, दोन-चार दिवस राहतं, नवरीच्या जवळ झोपतं. ती पाठराखीण. हल्ली सगळीकडं ही रीत राहिलेली नाही, पण पाचोडकडं अजून आहे. सायलीनं ते शब्द धरून ठेवले. तिनं माझ्यासमोरच आईला स्पीकरवर फोन करून सांगितलं. "मी श्रेयाच्या सासरी जाणार हाय, चार दिस," असं ती इतक्या ठसक्यात म्हणाली, की हिला असाही आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं. तिची आई म्हणाली, "बरं झालं माय. तेवढीच सोय झाली." सायलीला ते लागलं की नाही कोण जाणे, मला मात्र लागलं. सोय काय, सोय?

मग वरच्या खोलीत पसारा झाला. आइस्क्रीमच्या काड्या, सुपाऱ्या, खोबऱ्याच्या वाट्या, जरीचे तुकडे आणि फेविकॉल. माझ्या फरशीवर फेविकॉलचे डाग पडले आणि मी चिडले. "हे खरवडून कोण काढणार?"

"मीच काढते काकू," म्हणाली, आणि नखानं काढायला बसली. मला माझाच राग आला. मी खाली जाऊन चहा केला आणि दोन कप घेऊन पुन्हा वर आले. त्यानंतर रोजच यायला लागले.

तिची बोटं झकास चालायची. सुपारीला धोतर नेसवून भटजी केला, त्याच्या हातात तिळाएवढी पळी. खोबऱ्याच्या वाटीवर रंगीत शेवयांची मोरपिसं. विहीर, तुळशीवृंदावन, बैलगाडी. बंगला तर दुमजली, आणि बंगल्याच्या दारात कणकेचा कुत्रा. मी म्हटलं, "श्रेयाला यातलं काही करता येतं का?"

"तिला सुई बी ओवता येत नाय."

"आणि मांडवात सगळे म्हणणार, मुलीनं केलं."

"तसंच म्हणायचं असतंय की."

तसंच म्हणायचं असतं, हे खरं. माझ्या रुखवतातला लोकरीचा हंस माझ्या मावशीनं विणला होता. सासूबाईंनी तो पाहून मला पहिल्याच हिवाळ्यात सबंध घराचे स्वेटर विणायला लोकर आणून दिली. हे ऐकून सायली हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसली.

लक्ष्मीपूजनाला मी तिला खाली जेवायला बोलावलं. अमेयचा व्हिडिओ कॉल येऊन गेला होता, त्याच्याकडं पाहुणे होते, म्हणून तो थोडक्यात आटपला. आम्ही दोघींनी पुरणपोळी खाल्ली. बाहेर फटाके चालले होते. मी म्हटलं, "तुला घरची आठवण येत असेल." तिनं पोळीचा तुकडा दुधात बुडवला. मग म्हणाली, "कोणत्या घरची काढू, तेच कळंना झालंय काकू. पिशोरच्या घरात कुणी नाय, अन् चाकणच्या घरात मी नाय." मी तिच्या पानात आणखी एक पोळी वाढली. दुसरं मला काय येतं?

भाऊबीजेनंतर दुकानाचं काम संपलं आणि ती दिवसभर वर बसायला लागली. तेव्हा ती खोली झाली. मी चहा घेऊन गेले तर तिच्या पुढ्यात पुठ्ठ्यावर एक लहानशी खोली उभी होती, छताशिवाय, वरून आत दिसेल अशी. मी चष्मा लावून पाहिलं आणि ओळखलं. माझीच वरची खोली. खिडकी, कोपऱ्यातली इलेक्ट्रिक किटली, दोरीवर नखाएवढे कपडे, आणि काड्यांच्या दोन कॉट. दाराजवळची श्रेयाची, तिच्यावर गुलाबी कापडाची गादी. खिडकीजवळची सायलीची, तिच्यावर पोपटी. ते पोपटी कापड तिनं स्वतःच्या ओढणीचं कापलं होतं. आणि दाराच्या आतल्या बाजूला कागदाचा बारीक तुकडा, त्यावर लिहिलेलं: 'मोटार बंद करावी.'

"हे बरं आठवणीनं केलंस," मी म्हटलं.

"त्याच्याशिवाय खोली वाटंना."

ती खोली ती रुखवतात सगळ्यात शेवटी मांडणार होती. श्रेयाला आधी सांगून ठेवलं होतं, पण फोटो पाठवला नव्हता. पोरगी मनातून फुलली होती. एका बॅगेत चार दिवसांचे कपडे भरून झाले होते, लग्न अजून लांब असताना.

लग्न बीड बायपासवरच्या मंगल कार्यालयात होतं. मलाही आमंत्रण होतं. आम्ही दोघी सकाळीच रिक्षात खोकी भरून गेलो आणि सायलीनं टेबलावर पांढरी चादर अंथरून रुखवत मांडलं. श्रेयाची आई, द्वारकाबाई, धावपळीतून तिथं आली. बाई मनानं वाईट नाही. तिनं सायलीच्या गालावरून हात फिरवला, "लई गुणाची गं," म्हणाली. मग तिची नजर त्या खोलीवर गेली.

"हे काय मांडायलीस?"

"आमची खोली हाय मावशी."

"बाई, पोरगी बंगल्यात चालली अन् तू भाड्याची खोली मांडायलीस व्हय? पाव्हणे काय म्हणतील? उचल ते. अन् कुणी विचारलं तर श्रेयानंच केलंय म्हणायचं, समजलं ना?"

सायलीनं खोली उचलून टेबलाखाली, स्वतःच्या बॅगेशेजारी ठेवली. चादर नीट खाली ओढली. तेवढ्यात द्वारकाबाईला ती बॅग दिसली. ती जरा थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघ माय, श्रेया बोलली होती मला. पण पाठराखीण म्हणून आत्याबाई चालल्यात. सोयऱ्यांमधी घरचंच माणूस लागतं. तू मनाला लावून घेऊ नको."

"नाय मावशी. मला बी कॉलेज हाय उद्या."

कॉलेज उघडायला अजून अवकाश होता. मला ते माहीत होतं. मला त्या बाईला चांगलं सुनवावंसं वाटत होतं, पण मीही तिथं कोण होते? घरमालकीण.

रुखवताजवळ कुणीतरी उभं राहावंच लागतं, नाहीतर पोरं सुपारीचा भटजी पळवतात. ते काम सायलीकडं आलं. वऱ्हाडातल्या बायका यायच्या, वाकून बघायच्या, फोटो काढायच्या, "नवरीच्या हाताला कला हाय बरं का" म्हणायच्या. सायली मान हलवायची. एकीनं तिला विचारलं, "तू नवरीची कोण गं? मावसबहीण का?"

"कुणी नाय," सायली म्हणाली. "रुखवत सांभाळायलेय."

मग मी तिला जेवायला पिटाळलं आणि स्वतः तिथं उभी राहिले. पंगती चालल्या, आहेर झाले, ऊन उतरलं. पाठवणीला श्रेया आईच्या गळ्यात पडून रडली, मग आत्याच्या, मग कुणाकुणाच्या. सायलीपर्यंत येईतो गाडी लागली होती. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि सुटले. रुखवताची खोकी मागच्या गाडीत गेली. आत्याबाई पुढच्या गाडीत नवरीशेजारी ऐसपैस बसल्या.

परतताना रिक्षात सायलीच्या पायाशी ती भरलेली बॅग होती आणि मांडीवर खोली. क्रांती चौक मागं पडला. मग तिनं ओढणीच्या टोकानं खोलीवरची धूळ पुसायला घेतली आणि थबकली.

"पोरांनी मोडली बघा," ती म्हणाली. "माझीच कॉट मोडली."

खिडकीजवळची जागा रिकामी होती. तिथं वाळलेल्या फेविकॉलचे चार ठिपके होते. दाराजवळची गुलाबी कॉट जागच्या जागी होती.

"मोडली नाही," मी म्हटलं. "श्रेयानं नेली."

तिनं मान वर केली. या वेळी तिनं माझ्या खांद्याकडं नाही, तोंडाकडं बघितलं.

मी तिला सांगितलं. पाठवणीच्या धांदलीत सांगायला सवड झाली नव्हती. ती जेवायला गेली होती तेव्हा श्रेया आली होती, मुंडावळ्या बांधलेली, शालू सावरत. "काकू, खोली कुठंय?" म्हणाली. मी टेबलाखाली बोट दाखवलं. ती तशीच खाली बसली, चादर वर केली आणि बघत राहिली. तिला हाका येत होत्या तरी उठली नाही. मग तिनं खिडकीजवळची कॉट हळूच सोडवली, रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली. मी म्हटलं, "अगं, तुझी ती दाराजवळची." तर म्हणाली, "माहीत हाय काकू. आत्या येऊ दे, तिचं काय नाय. पण मी सायलीला नेणार. आमच्याकडं तिची जागा पाहिजे."

सायलीनं त्या चार ठिपक्यांवर बोट ठेवलं आणि ती रडायला लागली. सगळ्या सुट्टीत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं आणि रिक्षा हळू केली, भला माणूस.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईचा होता. चालत्या रिक्षात नीट ऐकू येईना म्हणून तिनं स्पीकर लावला.

"पोचलीस का गं श्रेयाच्या सासरी?"

सायलीनं नाक पुसलं. माझ्याकडं बघितलं, मग मांडीवरच्या खोलीकडं.

"व्हय आई," ती म्हणाली. "पोचले."

"अन् झोपायचं कसं? जागा हाय ना?"

"हाय आई. माझी कॉट हाय तिथं."