सहा, सहा आणि गंगाक्का

ग्रामपंचायतीच्या ऑफिसात दाखले आणि उतारे साठतात असं लोकांना वाटतं. चूक. तिथं किस्से साठतात. मी तिथं कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. कोल्हापुरातून बी.कॉम. करून आले तेव्हा वाटलं होतं, खुर्चीत बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता येईल. अभ्यास राहिला बाजूला. प्रिंटर गरम होईपर्यंत समोर जे चालतं, ते बघूनच माणूस थक्क होतो. मैत्रिणींना सांगते तर म्हणतात, "तिखटमीठ लावतेस." आई शप्पथ, उलट थोडं कमीच करून सांगते!

आमचं गाव गडहिंग्लजच्या वाटेवर. सोमवारचा बाजार ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांपर्यंत भरतो. गेल्या निवडणुकीत गावानं थेट सरपंच म्हणून आबांना निवडून दिलं आणि सदस्य मात्र वाटून टाकले. आबा धरून त्यांचे सहा. विरोधातल्या भाऊंचे सहा. आणि मध्ये दोघं: पिठाची गिरण चालवणाऱ्या गंगाक्का आणि त्यांच्या पॅनेलचे म्हादूतात्या. म्हादूतात्यांचं राजकारण एका वाक्यात संपतं, "आक्का म्हणंल ते."

म्हणजे सरपंच खुर्चीत, पण बहुमत गिरणीत!

*

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी दळण घेऊन गेले तर रांगेत भाऊ उभे! कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, हातात पिशवी. हा माणूस घरात पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलत नाही. मी न राहवून विचारलं, "भाऊ, तुम्ही दळणाला?"

"का? आमी काय पीठ खात न्हाय?"

गंगाक्कांनी पिशवी उघडली. आत शेंगदाणे.

"भाऊ, ह्ये गिरणीत घातलं तर माझ्या दगडाचं वाटोळं हुईल. घरात इचारून आलासा न्हवं?"

"इचारायचं काय त्यात? हाताला लागली ती पिशवी उचलली."

तेवढ्यात मागं आबांची गाडी थांबली. डिकीत गव्हाचं अख्खं पोतं! आबांनी भाऊंना बघितलं, भाऊंनी आबांना. दोघांनीही एकदम गिरणीच्या पट्ट्याचं कौतुक सुरू केलं.

गंगाक्का हात झटकत म्हणाल्या, "ठेवून जावा दोघं बी. नंबर आला की सांगते."

*

नंबर आबांचा आला. सपोर्ट बाहेरून नाही, आतून. आक्कांना उपसरपंचपद. बोलणी पक्की झाली म्हणून आबांनी मळ्यात जेवण ठेवलं. आमच्याकडे कुठलाही समझोता तांबड्या-पांढऱ्या रश्शाशिवाय पक्का होत नाही. दोन बकरी पडली. पंगती उठल्या. भाषणं झाली, "आक्का आमच्या थोरल्या भगिनी," वगैरे.

आणि थोरल्या भगिनी कुठं होत्या? मळ्याच्या कडेला, आंब्याखाली, घरून आणलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात! गंगाक्का लिंगायत. जन्मात मटणाला हात लावलेला नाही, हे पोराटोरांना माहीत. ज्यांच्यासाठी जेवण, त्या काय खातात हे एकाही कारभाऱ्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

आबा ओशाळून म्हणाले, "आक्का, र्‍हायलंच बघा ध्यानात. बरं, तुमची अट काय ती तर सांगा."

आक्का म्हणाल्या, "बाजारात बायांसाठी संडास. पयलं काम त्येच."

आबांचा विश्वासच बसेना. "एवढंच?"

मी तिथं आक्कांना सोडायला गेलते. आबांच्या तोंडावर इतका आनंद मी निकालादिवशीसुद्धा बघितला नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी गाव पेटलं. आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी फक्त फुलांचे फोटो येतात, त्या दिवशी फुलं बंद! "जनतेचा विश्वासघात." "आबांच्या विरोधात मतं मागितली आणि आबांच्याच मांडीवर बसल्या." भाऊंच्या पोरांनी चौकात फ्लेक्स लावला. आबांच्या माणसांनी त्याच्याहून मोठा लावला, त्यात आक्कांचा फोटो आधार कार्डावरचा! आक्का बघून म्हणाल्या, "ह्यी बाई कोण? आजारी दिसतीया."

खरा धक्का आमच्या घरात बसला. बाबा चुलीसमोर भाकरी हातात घेऊन गरजत होते, "गंगाक्कानं गाव इकलं! तत्त्व म्हणून काय र्‍हायलंच न्हाय. संडासापायी सत्ता?"

आबांशी हातमिळवणी मलाही आवडली नव्हती. आक्कांसाठी मी दारोदार फिरलेली. पण "संडासापायी" हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. कारण समोर आई बसली होती. आई सोमवारी बाजारात भाजी विकते. सकाळी घरातून निघते ती दिवे लागल्यावर परत येते. आणि त्या दिवशी ती पाण्याचा घोट घेत नाही. डॉक्टरांनी दोनदा बजावलंय, "मावशी, खडा झालाय, भरपूर पाणी प्या." आई डॉक्टरांनाच म्हणाली होती, "पिऊन जायाचं कुठं?"

मी म्हटलं, "बाबा, सोमवारी आई पाणी का पीत नाही, माहितीये का तुम्हाला?"

बाबांनी भाकरी खाली ठेवली. खरोखर विचार केला. आणि म्हणाले, "उपास असतोय न्हवं तिचा?"

लग्नाला तीस वर्षं होत आली!

*

मग ग्रामसभा. विषय: जागा. संडास हवा, यावर गावाचं शंभर टक्के एकमत. तो आपल्याजवळ नको, यावरही एकमत!

मारुतीच्या देवळामागं नको, देवाला चालणार नाही. तालमीच्या बोळात नको, पैलवानांचं लक्ष विचलित होईल. डेअरीजवळ नको, दुधाला वास लागेल. एक आजोबा काठी टेकत उठले, "आमच्या वक्ताला कुठं हुतं ह्ये सगळं? बाया जात न्हवत्या व्हय?"

मी कोपऱ्यातून ओरडले, "कुठं जात होत्या आजोबा? कधी विचारलंत?"

"ए पोरी, थोरल्यांच्या मधी बोलू ने!"

"मग थोरल्यांनी शहाण्यासारखं बोलावं की!"

ग्रामसेवक साहेबांनी मला डोळ्यांनी दटावलं. शेवटी भाऊंच्या गटातल्या एका जाणत्यानं तोडगा काढला, "स्मशानाजवळ बांधूया. जागा मोकळी. गर्दी न्हाय."

स्मशान बाजारापासून ओढ्याच्या पलीकडं! मला वाटलं, लोक हसतील. लोक माना हलवत होते. गंभीरपणे!

गंगाक्का म्हणाल्या, "व्हय, चांगलंय. तितंपतोर कळ काढत जायाचं, म्हंजे परत यायाची गरजच पडणार न्हाय."

 मग मागून कुणीतरी ओरडलं, "आबा करणार की न्हाय ते सांगा! उचला बेलभंडारा!" आणि आबांनी तिथल्या तिथं बेल आणि भंडारा हातात घेऊन शपथ घेतली, "बायांचा संडास करणार म्हंजे करणार!" टाळ्या पडल्या.

उन्हाळा आला तरी वीट हलली नाही. मी आबांना गाठलं. "आबा, भंडारा उचललाय तुम्ही."

आबा शांतपणे म्हणाले, "उचललाय की. करणार म्हणून उचललाय. कवा, ते कुठं म्हटलंय?"

*

एक मधला किस्सा राहिला. आमच्या ग्रामपंचायतीत निम्म्या सदस्य बायका. कागदावर. खुर्चीत त्यांचे नवरे. नवीन आले तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मी हजेरीसाठी नावं पुकारत होते. एका मॅडमचं नाव घेतलं, तर मोठ्या मिशांचा एक माणूस "हाय" म्हणाला.

मी म्हटलं, "काका, मॅडम कुठायत?"

काका छाती पुढं काढून म्हणाले, "मीच मॅडम!"

कुणीही हसलं नाही. हसायचं असतं हेच कुणाला कळलं नव्हतं.

*

एका सोमवारी भर बाजारात आई पोट धरून खाली बसली ती उठलीच नाही. शेजारच्या मिरचीवालीनं हाक मारली. मी ऑफिसातून धावत गेले. टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. वेदनेनं तिचे ओठ पांढरे पडले होते आणि ती मला सांगत होती, "कोथिंबिरीवर फडकं टाकलंस काय?" डॉक्टर मलाच रागावले. "मूत्रपिंडावर सूज आलीय. पुन्हा असं झालं तर जड जाईल. पाणी का देत नाही यांना?" 

संध्याकाळी आबा भेटायला आले. सोबत चार माणसं आणि दोन शहाळी. एकानं फोटोही काढला. आबा कॉटशेजारी बसले, आईकडं मायेनं बघितलं आणि म्हणाले,

"वैनी, पाणी पीत जावा."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. आत थांबले असते तर शहाळं कुणाच्या डोक्यात गेलं असतं, सांगता येत नाही. गंगाक्का तिथं बाकावर बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी चिडून म्हटलं, "काढून घ्या सपोर्ट! पडू दे त्यांना!"

"पाडून काय करू? भाऊ येईल. त्यो तर स्मशानात बांधणार," आक्का म्हणाल्या. मग विचारलं, "फुडची बैठक कवा हाय गं?"

"सोमवारी. कमानीची."

"बाजारादिवशी? झ्याक!"

*

तर ती कमानीची बैठक. गावाच्या वेशीवर आबांना कमान बांधायची होती, त्यांच्या वडिलांच्या नावाची. भाऊंना ती पाडायची होती, बांधायच्या आधीच. संडासाचा विषय यादीत सगळ्यात शेवटी, "वेळ मिळाल्यास".

मतदान होणार म्हणून खऱ्या सदस्य बायका आल्या होत्या. त्या मागच्या बाकांवर, पुढं त्यांचे नवरे. ऊन मरणाचं. पंखा नुसताच आवाज करत होता. कमानीवर आक्का आणि म्हादूतात्या तटस्थ राहणार होते, म्हणजे सहा आणि सहा. एक जरी उठून बाहेर गेला तरी दुसरी बाजू तेवढ्यात मतदान उरकून घेणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक. त्यामुळं आबांनी आपल्या माणसांना बजावलेलं, "जाग्यावरनं हलायचं न्हाय." भाऊंनीही तेच बजावलेलं.

गंगाक्का ताकाची भली मोठी कळशी घेऊन आल्या. आलं, कोथिंबीर, गार. "घ्या, लई उकडतंय." पुरुषमंडळी तुटून पडली. कुणी दोन पेले, कुणी तीन. आबांनी चार घेतले आणि म्हणाले, "आक्का, हाताला चव हाय तुमच्या." मागच्या बाकांवरच्या बायकांनी मात्र पेल्याला हात लावला नाही. एकीनंही नाही. बाजारादिवशी घराबाहेर पडलेली बाई काही पीत नाही, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं.

चर्चा सुरू झाली. कमान दगडी की सिमेंटची. भाऊ बोलले, आबा बोलले, मॅडमकाका बोलले. मग हळूहळू भाषणं आखूड व्हायला लागली. कुणी पाय हलवतोय, कुणी खुर्चीत सारखा कुशी बदलतोय. मॅडमकाका उठायला लागले तर आबा खेकसले, "बसा!" भाऊंचा एक माणूस अर्धा उठला, भाऊंनी त्याचा सदरा धरला.

शेवटी आबांनाच राहवलं नाही. "पाच मिनिटं सभा थांबवूया. दोन्ही बाजूंनी."

"चालंल, चालंल!" भाऊ म्हणाले. निवडणुकीनंतर पहिल्यांदा दोघांचं एकमत!

सगळे ऑफिसच्या मागच्या, 'फक्त सदस्यांसाठी' पाटीच्या संडासाकडं धावले. दाराला कुलूप. खिडकीतून बाहेर बघितलं तर चारी भिंतींना बाजार. कांदेवाली, चुडेवाली, मिरचीवाली. पांढऱ्या कपड्यांतला सरपंच जाणार कुठं?

"किल्ली कुठाय?" आबा माझ्यावर ओरडले. मला खरंच माहीत नव्हतं.

गंगाक्का जागेवरून हलल्या नव्हत्या. "किल्ली मिळंल की. आदी शेवटचा विषय घेऊया. जागा, हापिसाशेजारची सरपंचाच्या गाडीची शेड पाडून तितंच. आनी बांधून हुईस्तोवर ह्यो हापिसाचा संडास बाजारादिवशी बायांस्नी. किल्ली बाजारातच र्‍हाईल."

"आक्का, ही काय पद्धत झाली?" भाऊंचा आवाज बारीक झाला होता.

"बाया सकाळपासनं दिवेलागणीपतोर बसत्यात. तुमास्नी तासभर बसायला काय हुतंय?"

"सूचक मी!" आबा म्हणाले.

"अनुमोदन! अनुमोदन!" भाऊ जवळजवळ किंचाळले.

"आक्का म्हणंल ते," म्हादूतात्या म्हणाले. ते एकटे शांत होते. त्यांनी ताक घेतलं नव्हतं.

मागच्या बाकांवरचे हात तर आधीच वर होते. ग्रामसेवक साहेबांनी मला लिहायला सांगितलं, "सर्वानुमते मंजूर." ते स्वतः एका पायावर उभे होते. त्याच कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. एवढ्या भराभर सह्या मी नोकरीत कधी बघितल्या नाहीत.

"झालं न्हवं आता? किल्ली!" आबांनी हात पुढं केला.

"ठराव झालाय न्हवं, किल्ली बाजारात र्‍हाईल म्हणून? र्‍हायलीया. भाजीवाल्या पार्वतीकडं हाय बघा, पायरीच्या डाव्या अंगाला."

पार्वती म्हणजे माझी आई. दवाखान्यातून येऊन तिचा हा पहिलाच बाजार.

आबा पायऱ्या उतरले. मागं भाऊ, त्यांच्या मागं सगळे. मी दारात उभी. आबा आईच्या पाटीसमोर थांबले, ओठ आवळून, हात पसरून.

"वैनी... किल्ली."

आईनं मेथीच्या जुड्या नीट लावल्या. मग पाटीमागचा तांब्या उचलला, स्वतः घटाघटा प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि तांब्या आबांपुढं धरला.

"बसा की आबा. पाणी घेणार?"