भाकरीचा आवाज

आज दिवेलागणीला धारूरच्या घरी ओट्यावर बसले होते. शेजारच्या घरातून थप थप आवाज आला आणि मला स्पेनमधली खालच्या मजल्यावरची म्हातारी आठवली.

तिकडे सहा महिने शिकायला गेलते. घरून नेलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी मी रोज थापायचे. एका संध्याकाळी दार धडाधडा वाजलं. उघडलं, तर ती म्हातारी. पायात सपाता, हातात फोन. तिने माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि दोन्ही गाल नीट पाहिले.

"कोण मारतं तुला?" एवढं स्पॅनिश मला कळलं.

मी तिला भाकरी थापून दाखवली, तेव्हा कुठे ती मटकन खुर्चीत बसली. हा किस्सा मी पुढे कितीतरी वर्षं हसत हसत सांगितला.

आज पुन्हा तोच आवाज आला. तव्यावरच्या भाकरीचा खरपूस वास मात्र येत नव्हता. मी उठले.

"बस खाली," आई दबक्या आवाजात म्हणाली. "त्येंच्या घरातलं हाय ते. आपण कावून मधी पडायचं?"

मी अनवाणीच गेले आणि दार धडाधडा वाजवलं. त्यांच्या नव्या सुनेनं उघडलं, गालावर पदर ओढून. मी तिची हनुवटी धरली आणि हळूच उजेडाकडे वळवली.